अर्ध्या वेगानं

गुरुवार होता. आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. म्हणजे मी घरी असतो तेव्हा बायको ऑफिसात, मुलगी कॉलेजात आणि सोसायटीत जागे आम्ही दोघंच, मी आणि वॉचमन. ताथवड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून मी डाव्या हाताची नखं कापत होतो. गिटारवाल्याला डाव्या हाताला नख चालत नाही. मला गिटारवाला समजणारा जगात एकच माणूस होता, आणि निघालो होतो त्याच्याचकडे, दिघीला. तेवढ्यात वहिनींचा फोन आला. ‘भाऊजी, निघालात का?’ मी म्हटलं, ‘दोन बोटं राहिलीत.’ त्या म्हणाल्या, ‘तुमचे दादा गेले. झोपेतच.’ ती दोन नखं तशीच राहिली. खांदा देताना माझ्याच तळव्यात रुतत होती.

अरुणदादा माझा आतेभाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला, साचे आणि हत्यारं घडवत, तीस वर्षं काढली, पण बोलणं शेवटपर्यंत राजगुरुनगरकडच्या गावाचंच राहिलं. आणि या माणसाला नाद कशाचा, तर विलायती प्रोग्रेसिव्ह रॉकचा. आमच्या घराण्यात संगीत म्हणजे आरतीच्या टाळ्या. त्याही माझ्या इतरांच्या मागून पडतात. त्यामुळे दादाकडे घरचे जरा काळजीनंच बघत. सहा वर्षांपूर्वी माझ्या मुलीनं चार महिन्यांत गिटार सोडली. ती दादाला देऊन टाकावी म्हणून मी दिघीला गेलो. त्यानं ती सुरात लावली आणि उचलून माझ्याच मांडीवर ठेवली. ‘दोघांचं काम हाय माधवा. मला एक मानूस कमी पडतोय.’ मी सेहेचाळीस वर्षांचा होतो, पोट सुटलेलं होतं, गिटार त्यावर नीट टेकत होती. एवढीच माझी पात्रता.

त्याला वाजवायचं होतं ते एका विलायती बँडचं, अकरा मिनिटांचं. शब्द एकही नाही, नुसतं वादन. त्यात दोन गिटारी. एकीनं बोलणं अर्ध्यावर सोडायचं आणि दुसरीनं ते उचलायचं. मात्रा सात, मध्येच पाच, आणि आपण रुळलो म्हणेपर्यंत परत सात. दर गुरुवारी मी दिघीला जायचो आणि दर वेळी माझा हात आठपर्यंत जायचा.

‘आरं, सात म्हंजी सात. आठवा कुठनं आनतोस?’

‘आपोआप येतो, दादा.’

‘मंग त्याला घरी ठिवून येत जा.’

शेवटी त्यानं टूलरूमचा उपाय काढला. ‘सुरुवातीलाच मशीनचा फीड वाढवला की टूल तुटतंय,’ म्हणत फोनवर मूळ वादन निम्म्या वेगावर लावलं. त्या वेगात माझी बाजू हळूहळू बसली. इतकी पक्की बसली की वेग वाढवायचा राहूनच गेला. अकरा मिनिटांची बावीस मिनिटं झाली आणि तशीच राहिली. दर दिवाळीला मी म्हणायचो, ‘दादा, यंदा खऱ्या वेगात.’ तो म्हणायचा, ‘करू की. घाई हाय व्हय?’ घरी येऊन मी बायकोला सांगत असे... आता हे लिहिताना कान गरम होतात... की तीस वर्षं लोखंड धरून दादाची बोटं आखडलीत, म्हणून मीच त्याला सांभाळून घेतो.

चौदावा झाल्यावर पाहुणे पांगले, तेव्हा वहिनींनी मोबाईल माझ्या हातात दिला. ‘हा व्हिडिओ बहिणीला पाठवायला काढला होता मी. बघा.’ दादा बनियनवर बसलेला, त्याच खोलीत. आणि वेग खरा. त्याच्या बाजूचं अवघड ते सगळं तो न अडखळता वाजवत होता. साताचं पाच होताना त्याची मानसुद्धा हलली नाही. मग मध्येच थांबून वहिनींकडे बघत म्हणाला, ‘बास. माधव यायचा झाला.’

‘तुम्हाला कधी बोलले नाहीत?’ वहिनींनी विचारलं.

‘नाही,’ मी म्हणालो. रागही आला. सांगायचं तरी होतंस, असं वाटलं... पण त्यानं सांगितलं असतं, तर पुढच्या गुरुवारी मी गेलो नसतो, हेही मला ठाऊक होतं.

त्या दिवसापासून एकच मनात घेतलं : एकदा त्याच्या वेगात माझी बाजू पुरी करायची, त्याच्या खोलीत. शिफ्टवरून आलो की बसायचो. फोनवरची टिकटिक रोज थोडी वाढवायची, चुकायचं, परत मागे यायचं. बायको एकदा म्हणाली, ‘आता कुणाला दाखवायचंय?’ मी टिकटिक आणखी थोडी वाढवली. बोटांची कातडी निघाली, नवी आली. सातव्या आठवड्यात एका संध्याकाळी अकरा मिनिटं न थांबता पार पडली. घरात कुणी नव्हतं. मी गिटार खाली ठेवली आणि उगाचच दार उघडून जिन्यात बघून आलो.

पुढच्या गुरुवारी दिघीला गेलो. वहिनी स्वयंपाकघरात होत्या. मी दादाच्या खोलीत बसून सुरुवात केली, भरधाव. दोन मिनिटं झाली असतील, वहिनी कणकेच्या हातांनी दारात आल्या.

‘भाऊजी, हे कुठलं?’

‘तेच, वहिनी. आमचंच.’

‘नाही हो. असं ते एकटे असले की वाजवायचे. तुमचं दोघांचं निराळं होतं... संथ. ते वाजवा ना.’

मी पुन्हा पहिल्यापासून धरलं, निम्म्या वेगानं. जिथे दादाची गिटार बोलायची तिथे तारांवर हात ठेवून गप्प बसलो, त्याला लागायचा तेवढा वेळ. त्या जागा एवढ्या लांब आहेत हे तो असताना कधी कळलं नव्हतं. वहिनी दारातच उभ्या होत्या. बावीस मिनिटांनी मी मान वर केली, तेव्हा त्यांच्या हातावरची कणीक वाळून पांढरी पडली होती.