बाईचं घर आणि आठवी खुंटी

गाणाऱ्यांची घरं बघत फिरायचा मला नाद आहे, हे माझ्या जुन्या वाचकांना सांगायला नको. पण ज्या घरात सगळ्यांत आधी जायला हवं होतं, तिथंच जायचं राहून गेलं. कारण एकच, माझी आई.

शेवंताबाईंची भीमगीतं ऐकली नाहीत असा माणूस आमच्या मराठवाड्यात शोधून दाखवा. माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेत ऐकू जाणारा आवाज! त्या आवाजामागं कोरसमध्ये चार वर्षं माझी आई उभी होती. नाव सुभद्रा, पण बाईंच्या गायन पार्टीत सगळे सुबी म्हणायचे. मग लग्न ठरलं आणि ऐन जयंतीच्या तोंडावर ती बाईंना काही न सांगता निघून आली. वीस वर्षांची पोर, बाई रागावतील म्हणून घाबरली. त्याला आता बेचाळीस वर्षं झाली. तीन वर्षांपूर्वी बाई गेल्या, तेव्हा ही मातीलाही गेली नाही. "कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणाली आणि दिवसभर जेवली नाही.

या जानेवारीत मी ठरवलं, आई येवो न येवो, आपण जायचं. बाईंच्या सुनेचा, छायावहिनींचा, नंबर मिळवला आणि रविवार ठरवला. आईला नुसतं कानावर घातलं. शनिवारी संध्याकाळी ऑफिसातून येऊन बघते, तर ही धपाटे थापतेय.

"मी बी येते. पर माझी वळख सांगायची न्हाई."

"मग काय सांगू? शेजारीण आणलीय?"

"सांग काय बी."

सकाळच्या गाडीनं संभाजीनगरहून परभणी. स्टेशनबाहेर मुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली, वर लिंबू पिळून, गरमागरम. तुम्ही गेलात तर पोह्यांच्या नादी लागू नका, सुशीलाच घ्या. पुढं परळीकडं जाणारी पॅसेंजर. पिंगळी येईपर्यंत आई बरी बोलत होती, खिडकीतून ज्वारी दाखवत होती. गोदावरीचा पूल आला तशी तिनं मांडीवरची कापडी पिशवी घट्ट धरली.

गंगाखेडहून गाव सहा-सात किलोमीटर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथं माणसं राहतात आणि उठसूट कुणी टपकावं असं मला वाटत नाही. मनापासून जायचं असेल तर स्टँडवर 'बाईचं घर' एवढंच विचारा. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण गाड्या मोजक्याच, त्यामुळं शेअर ऑटो बरी. साखर कारखाना चालू असेल तर हाताशी तासभर जास्तीचा ठेवा. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलात की संपलं! आम्ही अडकलोच. ऑटोवाला मात्र खुशीत होता.

"बाईच्या घरी चाललाव व्हय? आमच्या वडलाच्या लग्नात गायल्यात त्या. आजूक सांगत्यात वडील."

आई दुसरीकडं बघत बसली.

मी मनात केवढं तरी घर बांधून ठेवलं होतं. समोर काय, तर पत्र्याची एक खोली! शेजारी नवं स्लॅबचं घर आहे, सगळे तिथं राहतात. ही खोली मात्र छायावहिनी रोज झाडतात. "जयभीम, या की," म्हणत त्यांनी कडी काढली. आई अंगणातच थांबली, "मला ऊन बरं वाटतंय," म्हणत.

मी आत गेले. दहा माणसं दाटीवाटीनं बसतील एवढीच जागा. कोपऱ्यात पेटी, तिच्या मधल्या पट्ट्या बोटांनी झिजून खोलगट झालेल्या. ढोलकीवाला बसायचा तिथली फरशी गुळगुळीत. ज्या गाण्यांनी गावंच्या गावं रात्रभर जागवली, ती एवढ्याशा खोलीत जन्मली! अंगावर काटा आला. बाबासाहेबांच्या फोटोपुढं हात जोडताना माझे डोळे भरून आले, लाज कसली त्यात.

भिंतीला ओळीनं आठ लाकडी खुंट्या होत्या. सातांवर काही ना काही टांगलेलं होतं, झांजा, उपरणं, कुणाची टोपी. आठवी रिकामी दिसली, म्हणून फोटो काढायच्या घाईत मी माझी बॅग तिला अडकवली.

"ताई, तिथं नगं!" छायावहिनी एकदम पुढं आल्या. "त्या खुंटीला कुणीच काय टांगत न्हाई. ती सुबीची हाय."

मी बॅग काढली. दाराकडं बघायची हिंमत होईना.

वहिनी सासूबद्दल सांगत होत्या, "आत्याबाईचा नेमच होता तसा. आल्या आल्या आपली पिशवी आपल्या खुंटीला. पिशवी दिसली की माणूस हजर. पार्टी सोडायची असंल तर समोर यायचं, निरोप घ्यायचा, मंगच खुंटी दुसऱ्याला. लय जण आले, गेले. सुबीनं निरोप घेतलाच न्हाई. आत्याबाई म्हणायच्या, ती जाते म्हणलीच न्हाई, मंग तिची खुंटी मी कुणाला कशी देऊ?"

"रागावल्या न्हाईत?" दारातून आईचा आवाज आला.

"रागावल्या की! वर्षभर शिव्या घातल्या म्हणं. पर खुंटी न्हाई दिली कुणाला."

आईनं चप्पल काढली आणि उंबरा ओलांडला. "सुबी मीच हाय गं," म्हणाली आणि खालीच बसली, लहान पोरीसारखी हुंदके देत. छायावहिनी धावल्या, तिला कुशीत घेतलं. "आवं मावशी! लय वाट बघायला लावली तुमी."

थोड्या वेळानं वहिनींनी पेटीवर सूर धरला. आई गायली, पण फक्त कोरसची ओळ. बाईंची ओळ यायची तिथं ती थांबायची, तेवढा वेळ मान खाली घालून ऐकायची आणि नेमक्या मात्रेवर पुन्हा उचलायची. मी आजवर पुष्कळ मैफली ऐकल्या, पण तसलं काही ऐकलं नव्हतं.

मग भाकरी, पिठलं, ठेचा आणि आमचे धपाटे, सगळं त्याच खोलीत बसून खाल्लं. निघताना मी ऑटोवाल्याला फोन लावत बाहेर गेले. आई जरा मागं रेंगाळली. बाहेर येऊन वहिनींचा हात धरून म्हणाली, "येते."

परतीच्या गाडीत ती मस्त घोरली. घरी आल्यावर मी डबे धुवायला काढायला गेले, तर पिशवीच नाही.

"आई! पिशवी विसरलीस ना गाडीत? बीपीच्या गोळ्या होत्या त्यात!"

"गोळ्या हायत माझ्या बटव्यात," ती पाय पसरत म्हणाली. "आन् पिशवी इसरले न्हाई. टांगलीया."