डिसकरेज करायचं काम

"मॅडम, सुरेखाला तुम्हीच सांगा. या वेळी परीक्षेला बसू नकोस म्हणावं," आमचे संचालक म्हणाले. "जरा गोड बोलून डिसकरेज करा."

सांगलीत नर्सेसना परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजी शिकवणारा एक क्लास आहे. तिथे मी शिकवते. शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स चौकात लागतो आणि त्यासाठी कच्च्यांना आधीच थांबवलं जातं. सुरेखा आटपाडीकडची, धनगराची पोर. वॉर्डात हुशार, पण स्पीकिंग म्हटलं की दातखीळ बसायची. स्पीकिंग म्हणजे परीक्षकासमोर एका विषयावर सलग बोलणं. मॉक टेस्टमध्ये, म्हणजे रंगीत तालमीत, ती नाव सांगून गप्प झाली होती. त्यात घरी आईचा हट्ट, समुद्रापल्याड पोर धाडायची न्हाई.

मला सरांचा राग आला. पण नोकरी त्यांच्याकडे. तास झाल्यावर बघू म्हटलं.

दुपारची वेळ. पंखा पेंगत फिरत होता. धड्यात नेमके तसलेच शब्द आले. डिसकरेज म्हणजे नाउमेद करणं. डॉन्ट (daunt) म्हणजे समोरचं बघूनच छाती दडपणं. डिमोरलाइज म्हणजे सगळ्यांचंच अवसान घालवणं.

"आधी मराठीत उदाहरणं द्या," मी म्हणाले.

मागच्या बाकावरून सुरेखा बोलली. "वढ्याला पाणी आलं की मेंढरं डॉन्ट हुत्यात, मॅडम. एक बिचकलं की समदी थांबत्यात. मग डिमोरलाइज."

"मग काय करता?"

"मारून उपेग न्हाई. दादा एक कोकरू उचलून पल्याड निऊन ठेवतो. ते वरडाय लागतं. त्येची आई पाण्यात शिरती. तिच्या मागनं समदी."

ती बोलत राहिली आणि वर्ग कुठेतरी हरवला. बाकांमधून मेंढरं चालली होती. ओल्या लोकरीचा वास येत होता. पलीकडून कुणीतरी हाक मारत होतं. मला फार बरं वाटत होतं.

"आता हेच इंग्रजीत सांग."

"चुकंल, मॅडम."

"चुकू दे."

ती पुष्कळ चुकली, पण थांबली नाही.

संध्याकाळी सरांनी विचारलं, "सांगितलं का?"

"सांगितलं. परीक्षेला बस म्हणून."

"अहो मॅडम, फ्लेक्स!"

"मी जबाबदार, सर."

परीक्षेत विषय निघाला, घरच्यांबरोबरचा प्रवास. सुरेखाने तिथेही मेंढरं घातली आणि पास झाली. आई अडवत राहिली, तरी आता ती आयर्लंडमध्ये आहे. फ्लेक्सवर सरांनी तिचा फोटो मधोमध लावला, स्वतःच्या शेजारी.

माणसाला नाउमेद करायला इंग्रजीत भरपूर शब्द आहेत. मी ते सगळे शिकवते, कारण परीक्षेत येतात.

परवा सुरेखाचा व्हॉइस मेसेज आला. "मॅडम, आईनं पासपोर्ट काढाय टाकलाय. मी हितनं रोज वरडत हुते न्हवं."