गुळव्याचं नाक आणि सर्दीच्या गोळ्या

सर्दी झाली म्हणून मेडिकलच्या काचेपुढं उभा राहणारा माणूस मला आजही बावळट वाटतो. मी स्वतः एकदा तिथं उभा राहिलो आहे, तेव्हा त्या बावळटांत मीही आलो, हे आधीच सांगून टाकतो.

मी गुळव्या. काहिलीत उसाचा रस कढत असतो, त्याचा गूळ नेमका कधी झाला आणि काहील चुलवाणावरून कधी उतरवायची हे ठरवतो तो गुळव्या. दुसरीतून शाळा सोडली आणि बापाच्या मागं गुऱ्हाळावर उभा राहिलो. कुंडलपासून इस्लामपूरपर्यंत किती गावांत आधणं, म्हणजे एकेका काहिलीचा रस, उतरवली त्याचा हिशेब नाही. आता सगळा ऊस कारखान्याला जातो. गुऱ्हाळं बोटांवर मोजण्याएवढी राहिली, आणि तिथले नवे गुळवे रसात थर्मामीटर बुडवून बघतात. म्हशीला ताप आला की ढोरांचा डॉक्टर बघतो, तसं. मला त्याची कधी गरज पडली नाही. बुडबुडा डोळ्यानं बघायचा आणि वास नाकानं घ्यायचा. पाक व्हायला आला की उसाचा हिरवट वास जातो आणि भाजल्या शेंगांसारखा खमंग वास सुटतो. तो सुटला की गार पाण्यात एक थेंब टाकायचा, बोटानं दाबून बघायचा आणि काहील उतरवायची. साठ वर्षं या नाकावर माझं घर चाललं.

पूर्वी गुऱ्हाळ लागलं की बायका शेंबडी पोरं काखेला मारून यायच्या. काहिलीच्या वाफेजवळ धरायच्या, सुंठ घातलेली गरम काकवी चाटवायच्या. त्यानं सर्दी जायची का? अजिबात जायची नाही. पण पोर घटकाभर खूश व्हायचं आणि त्याला औषध म्हणायचा आगाऊपणा कुणी करत नव्हतं.

आता घराघरात डबा आहे. आमच्याकडं बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात गोळ्यांच्या कापलेल्या पट्ट्या. कात्रीनं कापताना नाव निम्मं गेलेलं असतं, म्हणून सगळा कारभार रंगावर. पांढरी तापाची, पिवळी नाकाची, गुलाबी अंगदुखीची. घरी आलेला पाहुणा शिंकला तर चहाच्या आधी डबा पुढं येतो. पाहुणाही खिशातून आपली पट्टी काढतो आणि म्हणतो, ही घेऊन बघा, एकदम भारी. हळदीकुंकवाला वाण द्यावं तशा बायका एकमेकींना गोळ्या देतात. घशाखाली काय गेलं हे देणाऱ्याला ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही.

दोन हंगामांपूर्वी लेकीकडं मेढ्याला गेलो होतो. तिथल्या डोंगरवाऱ्यानं नाक धरलं. जावयानं विजेवर चालणारं प्लास्टिकचं भांडं आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "आवं, यात तोंड घाला आन् वाफ वढा." साठ वर्षं काहिलीच्या वाफेत उभा राहिलेला माणूस मी, आणि जावई मला वाफ घ्यायला शिकवत होता. दुसऱ्याच दिवशी एसटी धरली.

घाईही होती. परगावच्या एका गुऱ्हाळावर त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आधणं लागणार होती. मालक जैन शेतकरी, बोलायला मऊ. त्याच्या लेकाला थर्मामीटरवाला आणायचा होता. मालक मला म्हणाला होता, "मामा, वय झालं तुमचं. सुरुवात तुमी करा, मग बघू." या 'मग बघू'चा अर्थ मला कळत होता. पहिल्या आधणाला गूळ चुकला तर मी घरी बसणार, आणि घरी बसलेला गुळव्या म्हणजे नुसता म्हातारा.

रात्री घरी पोचलो आणि सकाळी उठून तंबाखूची चंची नाकाला लावली. वास नाही. नाकात कुणी ओली माती लिंपली असावी तसं झालेलं. सुनेनं चहाबरोबर डब्यातली पिवळी गोळी हातावर ठेवली. मी तिचा मान राखायला गिळली. एसटी स्टँडवर पोचलो तरी नाक बंदच. समोर मेडिकल उघडं होतं.

"काय देऊ, आजोबा?"

"नाक बंद हाय. उघडायचं काय असलं तर दे."

"ताप हाय? खोकला? अंग दुखतंय?"

"नाक म्हणलं न्हवं का?"

"आधी कुठली गोळी घेतलीया का?"

"न्हाई," मी म्हणालो. सुनेनं डब्यातून दिलेली ती काय गोळी झाली?

त्यानं हिरव्या गोळ्यांच्या पट्टीतल्या चार कापून दिल्या. "सकाळी एक, संध्याकाळी एक. झापड येती याच्यानं. घेऊन गाडी चालवू नका."

"मला गाडी येत न्हाई."

"मशिनीजवळ बी जाऊ नका."

"चरकावर दुसरा माणूस हाय. मी आपला काहिलीजवळ असतो."

तो पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. मी नळाच्या पाण्याबरोबर दोन गोळ्या घेतल्या. एक म्हणजे पंख्याखाली बसणाऱ्याचं माप असणार, असा माझा हिशेब.

गुऱ्हाळावर काहिलीखालच्या चुलवाणात चिपाडं, म्हणजे रस काढलेल्या उसाचा वाळका चोथा, सारायला एक बाई होती. पूर्वेकडच्या दुष्काळी भागातली, माहेरी-सासरी मेंढरं. सात हंगाम ती माझ्या काहिलीखाली जाळ घालत होती. रस चढला, मळी काढली, सगळं रीतीनं झालं. गोळ्यांनी माझं नाक गळायचं थांबलं, पण चामड्यासारखं वाळून गेलं. जीभ टाळ्याला चिकटली. पापण्यांवर कुणी ओलं पोतं टाकल्यासारखं झालं. मी चंची पुन्हा एकदा नाकाला लावून बघितली आणि खांबाला टेकलो.

"मामा, वास सुटला बगा," खालनं बाई ओरडली.

"जाळाचं काम तुजं. वासाचं माजं."

"आवं, उतरवा की! करपंल!"

"गप चिपाडं सार."

तेवढ्यात कधीतरी माझा डोळा लागला. उभ्या उभ्या, कढत्या रसापासून दोन हातांवर. बाईनं खालून येऊन दंडाला धरून मागं ओढलं तेव्हा जाग आली. काहील उतरवली. वाफ्यात, म्हणजे पाक गार करायच्या हौदात, जे पडलं ते जुन्या चिंचेच्या रंगाचं होतं. मालकानं खडा मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला, गिळला.

"असू दे, मामा. जनावरांच्या पेंडीत घालू."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी उलट बोललो असतो. मग तो म्हणाला, उद्याचा ऊस तुटून पडलाय, उद्या तुमी करा, परवा तो थर्मामीटरवाला येतोय.

घरी येऊन मी त्या गोळ्यांना लाखोली वाहिली. सुनेनं माझ्या खिशातली पट्टी घेतली, डब्यातली पट्टी काढली, दोन्ही उजेडाला धरून मुंगीएवढी अक्षरं वाचली.

"मामंजी, सकाळी मी दिली ती आन् ही एकच की. रंग तेवढा निराळा."

म्हणजे तीन झाल्या. पिवळी म्हणून घरात एक आणि हिरवी म्हणून दुकानात दोन. त्यांचा धंदा बघा! एकच माल, लुगडं बदलून विकायचा. आणि आमच्या घरातलं शहाणपण बघा, जे रंगाच्या पलीकडं कधी गेलंच नाही. पण मेडिकलवाल्यानं विचारलं होतं आणि मी न्हाई म्हणालो होतो, हे मी सुनेला सांगितलं नाही. इथं पहिल्यांदाच लिहितोय.

दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर गेलो तेव्हा झापड उतरली होती. नाक होतं तसंच. रस चढवायच्या आधी बाईला चुलवाणाच्या तोंडापासून वर बोलावलं.

"आज माजं नाक बंद हाय," मी म्हणालो. हे वाक्य मी गुऱ्हाळावर कधी उच्चारलं नव्हतं.

"ठावं हाय. काल चंची नाकाला लावून बसला हुता तवाच कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"दोनदा बोलले. तुमी चिपाडं सार म्हणला."

"वास कुठला, म्हाईत हाय का?"

"भाजल्या शेंगांचा. सात सालं तुमच्या पायाशी बसून काय झोपा काढल्या व्हय?"

उसाच्या मोळ्या वाहणारा तिचा नवरा जाळाला बसला. ती माझ्या शेजारी पदर कमरेला खोचून उभी राहिली. मी बुडबुडा बघत होतो, तिचं नाक वाफेत. बुडबुडा मोठा होऊन जड झाला आणि त्याच घटकेला ती म्हणाली, "मामा, आता." मी पाण्यात थेंब टाकला. बोटाखाली जसा लागायला हवा तसा लागला. काहील उतरवली.

गूळ पिवळाधमक पडला. मालकानं खडा खाल्ला, दुसरा घेतला.

"मामा, नाक उघडलं जणू?"

व्हय म्हणायला काय लागत होतं? बाई खाली बघत चिपाडं गोळा करत होती, ती काही बोलली नसती. सुनेला सांगितलं नव्हतं ते पोटात होतंच, त्यावर हे दुसरं ठेवायला जागा नव्हती.

"न्हाई," मी म्हणालो. "हिच्या नाकानं उतरवलं. डोळं आन् बोट माजं."

मालकानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. खिशातून फोन काढला आणि थर्मामीटरवाल्याला माझ्यासमोरच सांगितलं की सध्या येऊ नको, दोन माणसं हायत.

तेव्हापासून ती वर उभी राहते आणि तिचा नवरा जाळ घालतो. उरलेल्या दोन हिरव्या गोळ्या सुनेनं डब्यात ठेवल्या, पिवळ्यांच्या शेजारी. माझी सर्दी अकराव्या दिवशी गेली. मेडिकलवाल्याला विचारून आली नव्हती, त्याला विचारून गेलीही नाही.