पोचल्याचा मिस कॉल

गोरेगावच्या किसनरावांनी एसटीत कंडक्टर म्हणून उभी हयात काढली, पण रिटायर झाल्यावरही त्यांच्यातला कंडक्टर काही खाली उतरला नाही. हिंगोलीला जायचं असलं की जीपवाले हाका मारमारून थकायचे, "चला काका, एकच सीट राहिली," आणि किसनराव तोंड फिरवून एसटीची वाट बघत उभे राहायचे. जीपमध्ये बसणं म्हणजे त्यांच्या लेखी वैऱ्याच्या पंगतीला जेवणं. गाडी कितीही उशिरा येवो, हे उभेच, आणि वर ज्याला त्याला सांगणार की आमच्या वेळी असं नव्हतं. त्यांच्या वेळीही असंच होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण एकट्या पडलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?

त्या दिवशीही ते असेच उभे राहून, उशिरा आलेल्या गाडीनं हिंगोलीला गेले, ते बँकेत. त्यांना सिंगापूरला जायचं होतं, आणि तिकडच्या खर्चाचे पैसे आधीच भरून नेता येतात असं एक कार्ड घ्यायचं होतं.

सिंगापूर ही मुळात त्यांच्या बायकोची, द्वारकाबाईची हौस. तिनं एकदा टीव्हीवर तिथली ड्रायव्हर नसलेली आगगाडी पाहिली आणि नवऱ्याला चिडवायला तिला आयतंच कोलीत मिळालं. "ड्रायव्हर न्हाई, कंडक्टर न्हाई, तरी गाडी चालून राहिली! मंग तुमी लोकं इतकी वर्षं काय करून राहिले व्हते?" रिटायर झाल्यावर दोघांनी ती गाडी बघायला जायचं ठरलं होतं. रिटायरमेंटच्या आधीच्या उन्हाळ्यात द्वारकाबाई गेली. पुढं दोन वर्षं किसनराव घरात नुसते बसून होते, तेव्हा पुण्याच्या लेकीनं, पुनमनं, परस्पर टूरवाल्याकडे पैसे भरले आणि मग बापाला कळवलं.

कळवताना तिनं एक अट घातली. "फिरून आलात की आईचा नंबर बंद करायचा, बाबा."

द्वारकाबाईचा फोन देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात होता. किसनराव तो रोज चार्जिंगला लावत आणि दर महिन्याला त्यात रिचार्ज टाकत. गावात कुणी विचारलं तर म्हणत, बँकेला तोच नंबर दिलाय, असू द्या. पुनमला हे कारण पटत नव्हतं. "माझं बोट चुकून 'आई'वर पडतं. रिंग जाते. मग दिवसभर मला काही सुचत नाही," ती म्हणाली, आणि बोलता बोलता रडली. लेक रडल्यावर किसनरावांना हो म्हणावंच लागलं.

त्या फोनवर त्यांचा इतका जीव का, हे समजायला त्या घराची एक रीत सांगायला हवी. मोबाईल नवे होते आणि बोलायला पैसे पडत होते, त्या काळातली ही रीत. गाडी ठिकाणावर पोचली की किसनराव घरी एक रिंग द्यायचे. द्वारकाबाईनं ती उचलायची नाही, कापायची. रिंग म्हणजे 'पोचलो', आणि कापली म्हणजे 'कळलं, जेवून घ्या'. ना इकडचा पैसा जायचा ना तिकडचा. वारंगा फाट्यावर गाडी चहाला थांबली की एक रिंग, नांदेडला एक, मुक्कामाच्या गावी एक. पुढं बोलणं फुकटासारखं झालं तरी दोघांनी ही रीत मोडली नाही. एकदा गाडी रानात बंद पडली, फोनला रेंज नव्हती, तर द्वारकाबाई उपाशी बसून राहिली होती.

ती गेल्यावर किसनराव कुठं गेलेच नाहीत. पोचायचं कुठं नव्हतं, म्हणून रिंग द्यायची वेळही आली नव्हती. आता मात्र इतक्या लांब जायचं होतं, आणि आल्यावर तो नंबर जाणार होता.

बँकेतल्या काउंटरवर साधना नावाची पोरगी होती. तिनं पासपोर्ट पाहिला, व्हिसा पाहिला आणि काकांना खुर्ची दिली. "दोन कार्डं आहेत, काका. हे पहिलं स्वस्त. यात फक्त सिंगापूरचे डॉलर भरायचे, कार्डाची फी नाही. खर्च केला की तुमच्या मोबाईलमधल्या अ‍ॅपवर दिसतं. दुसऱ्यात बऱ्याच देशांचे पैसे एकत्र भरता येतात, पण त्याची फी आहे, आणि उरलेले पैसे परत घेतानाही कापतात. तुम्ही एकाच देशात जाताय. मी तर म्हणते पहिलंच घ्या."

"दुसऱ्याचं अ‍ॅपवर न्हाई दिसत का?"

"दिसतं की. शिवाय दर खर्चाला मेसेज जातो. रजिस्टर नंबरवर."

किसनरावांनी मान वर केली. "दर खर्चाला? तिकडून?"

"हो, जगात कुठूनही."

"तवाच्या तवा?"

"कार्ड लावलं की लगेच." साधनाला वाटलं, काकांना फसवणुकीची धास्ती आहे. ती समजावून सांगू लागली की पिन कुणाला देऊ नका, कार्ड हरवलं तर हा नंबर फिरवा. किसनराव मान हलवत होते, पण त्यांचं ध्यान भलतीकडेच होतं. परदेशातून रिंग द्यायची तर रोमिंगचा घोळ. टूरवाल्यानं आधीच सांगितलं होतं की तिकडं हॉटेलच्या वायफायवर काय ते बोला. रिंग कशी द्यायची या काळजीनं ते महिनाभर नीट झोपले नव्हते, आणि इथं ही पोरगी सांगत होती की नुसतं कार्ड लावलं की घरी फोन वाजतो.

त्यांनी पुनमला फोन लावला. पुनम तिकडून स्पष्ट म्हणाली, "बाबा, पहिलंच घ्या. दुसऱ्याला फी कशाला भरायची? पाच देश फिरायला चाललात का?" किसनराव बरं म्हणाले, फोन ठेवला आणि साधनाला म्हणाले, "दुसरं द्या."

साधनानं कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. ज्या माणसानं सुट्ट्या रुपयासाठी पॅसेंजरशी भांडणं केली, तो हसत फी भरत होता.

"हा नंबर तुमचाच ना, काका?"

"घरचा हाय." पगाराचे मेसेज पहिल्यापासून द्वारकाबाईच्या फोनवर जायचे, कारण तिजोरीची किल्ली तिच्याकडे होती.

"मग हा फोन सोबत न्या बरं का."

"बराबर," किसनराव म्हणाले. पण फोन सोबत नेण्याचा त्यांचा मुळीच विचार नव्हता. पोचल्याची रिंग घरी जायची असते. ती आपल्याच खिशात वाजली तर तिचा काय उपयोग?

निघायच्या दिवशी त्यांनी तो फोन आणि चार्जर शेजारच्या रुक्माबाईकडे दिला. "वहिनी, रोज चार्जिंगला लावा. वाजला तर वाजू द्या. उचलू नका." रुक्माबाईला याचा काही अर्थ लागला नाही, पण द्वारकाबाईची वस्तू म्हणून तिनं तो पदरानं पुसून आपल्या देवाजवळ ठेवला.

सिंगापूर गुळगुळीत होतं. रस्त्यात खड्डा नाही, गाडीत धक्काबुक्की नाही, आणि बसमध्ये खरोखरच कंडक्टर नव्हता. लोक चढायचे, यंत्राला कार्ड लावायचे, यंत्र टुंग करायचं. किसनराव त्या यंत्राकडे बराच वेळ रागानं बघत राहिले. विमानतळावर उतरल्याबरोबर त्यांनी पाण्याची बाटली घेऊन कार्ड लावलं होतं. हॉटेलात पोचल्यावर कॉफी. बागेत पोचल्यावर केळी. एका ठिकाणी एकदाच कार्ड लावायचं. रिंग एकच असते.

त्यांच्या खोलीत कळमनुरीकडचे वसराम नावाचे रिटायर्ड ग्रामसेवक होते. त्यांच्या बायकोचे गुडघे दुखत म्हणून ती आली नव्हती. संध्याकाळ झाली की वसराम हॉटेलच्या वायफायवरून तिला सगळं दाखवायचे, पलंग, खिडकी, नळ. ती तिकडून ओरडायची, "आवं, जेवले का?" तेव्हा किसनराव उठून बाहेर जायचे. काचेच्या उंच इमारतींखाली एकटेच फिरून यायचे. ओळखीचं एक माणूस नाही, आपल्या बोलीतला एक शब्द नाही. पुनम रोज फोन करायची, जेवलात का विचारायची, ते हो म्हणायचे. लेकीनं विचारलं तरी त्यांची भूक भागत नव्हती.

ड्रायव्हर नसलेल्या गाडीत ते अगदी पुढच्या काचेशी उभे राहिले. समोर रूळ पळत होते आणि गाडी आपली आपण चालली होती. शेजारी वळून ते अर्धं वाक्य बोललेसुद्धा, "बघ, तुझी..." शेजारी वसराम होते. ते म्हणाले, "काय म्हणले?" किसनराव म्हणाले, काही न्हाई. उतरल्यावर त्यांनी स्टेशनातल्या दुकानात बिस्किटं घेतली आणि कार्ड जरा जास्तच दाबून लावलं.

शेवटच्या दिवशी समुद्र होता. द्वारकाबाईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. किसनरावांनी नारळपाणी मागितलं, कार्ड पुढं केलं, तर विक्रेत्यानं हातानं खूण केली: मशीन बंद, रोख द्या. खिशात रोख होती. पण रोख दिली तर घरी काय वाजणार? नारळ तिथंच ठेवून ते वाळूतून दुकान शोधत निघाले. बसमध्ये सगळे बसले होते, टूरवाला हाका मारत होता. जन्मभर डबल बेल देऊन पॅसेंजरांना पळायला लावणारा माणूस गाडी खोळंबवून लांबच्या एका दुकानात शिरला, समोर दिसला तो दात घासायचा ब्रश घेतला आणि कार्ड लावलं. परत आल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. "एका ब्रशासाठी, काका?" कुणीतरी म्हणालं. किसनराव मान खाली घालून शेवटच्या सीटवर जाऊन बसले. लाज वाटत होती, पण समुद्र कळवला होता.

गोरेगावला ते परतले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. स्टँडवर कुणी घ्यायला आलं नव्हतं, येणार तरी कोण? रुक्माबाईनं कुंपणावरून फोन दिला. "घ्या बाई तुमचं सांभाळून ठेवलेलं. लई टुंग टुंग करून राहिला व्हता. मी म्हणलं, बाई गेली, पन फोन काई गप बसंना." मग तिचीच तिला जीभ चावावी लागली. "चहा टाकू का, किसनभाऊ?"

"नको, वहिनी. आत्ताच पोचलो."

घरात दिवा लावून ते पलंगावर बसले आणि फोन उघडला. सगळे मेसेज आले होते. पाणी, कॉफी, केळी, बिस्किटं, ब्रश. एकही चुकला नव्हता. आणि एकही कुणी उघडलेला नव्हता. ओळीनं सगळे तसेच पडून होते. किसनराव ते बघत राहिले. हे असंच असणार हे त्यांना काय माहीत नव्हतं? माहीत होतं. तरी इतके दिवस रिंग गेली की आपलं काम झालं असं त्यांना वाटत आलं होतं. इतकी वर्षं जीव भांड्यात पडायचा तो रिंग दिल्यानं नाही, ती कापली गेल्यानं, हे त्यांना आत्ता समजलं, आणि त्यांना फार एकटं वाटलं.

फोनवर कंपनीचाही एक मेसेज होता. रिचार्ज आज संपत होता. पुनमला शब्द दिला होता, आणि तो मोडायचा नव्हता.

घरी पोचल्याची रिंग त्यांनी कधी दिली नव्हती. घरी ते स्वतःच यायचे, दारात पिशवी ठेवायचे आणि ती पाणी आणायची. आज त्यांनी आपला फोन काढला आणि तिचा नंबर लावला. मांडीवरचा फोन उजळला, त्यावर 'पुनमचे बाबा' असं तिनं ठेवलेलं नाव आलं, आणि तो वाजू लागला. पहिली रिंग झाली, दुसरी झाली. द्वारकाबाईनं कधी दुसरी पुरी होऊ दिली नव्हती. फोन वाजत राहिला.

कुंपणापलीकडून रुक्माबाईचा आवाज आला, "आवं किसनभाऊ, फोन वाजून राहिला न! उचला की! कोनाचा हाय?"

"घरचाच हाय, वहिनी," किसनराव म्हणाले. "उचलायचा नसतो तो."

आणि त्यांनी तिच्या फोनवर बोट ठेवून रिंग कापली.