अकीकाच्या अंगठीतून पाझरलेलं

अशा गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी नर्स आहे. डायबेटिसने सडलेल्या पायांची ड्रेसिंग्ज करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे किळस म्हणजे काय ते मी विसरलेच होते... गेल्या मार्चपर्यंत.

आम्ही इंग्लंडमध्ये, मिल्टन कीन्सला राहतो. नवरा, मंदार, आयटीत. रविवारी मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पालथी घालायची हा त्याचा छंद — मालकाची रीतसर परवानगी काढूनच हं. त्या दुपारी तो नाचतच घरी आला. करंगळीत सोन्याची रोमन अंगठी, तिच्यात लाल अकीकाचा खडा, त्यावर कोरलेला इवलासा पक्षी.

"काढ ती. म्युझियमला रिपोर्ट करायचीय ना?"

"उद्या करतो. आजच्या दिवस राहू दे गं."

हात धुऊन तो कणीक मळायला लागला आणि मला वास आला. गँगरीनचा. गोडसर, घशाला चिकटणारा. कचऱ्याची बिन पाहिली, सिंक पाहिलं... शेवटी त्याच्या हाताजवळ नाक नेलं आणि झटकन मागे सरले.

"मला तर फक्त साबणाचा वास येतोय," मंदार म्हणाला. पण आमची नऊ वर्षांची इरा दारातूनच ओरडली, "ईई, बाबा, तुझी हात स्मेली आहे!"

खड्याच्या कडेने पिवळट, दाट काहीतरी पाझरत होतं. टिश्यूने पुसलं, परत आलं. कोमट होतं ते! अंगठी उतरवली, तर खालचं बोट स्वच्छ, साधा ओरखडाही नाही. कणीक फेकून दिली. अंगठी फ्रीझर बॅगेत बंद केली. सकाळी बॅगेत चमचाभर पू साचला होता. हो, पूच. ते बघून मंदार सिंकमध्ये ओकला.

तसेच म्युझियममध्ये गेलो. तिथल्या बाईंनी बॅग उघडली — अंगठी कोरडी ठणठणीत. वास नाही, डाग नाही. "किती सुंदर!" म्हणाल्या.

कार पार्कमध्ये मंदार गाडी सुरूच करेना.

"ती नुसती मातीत नव्हती गं."

"मग?"

"बोटात होती. हाडात अडकलेली. मी ओढून काढली आणि हाड... झुडपात भिरकावलं."

त्या वासाने आली नव्हती एवढी शिसारी मला तेव्हा आली, माझ्याच नवऱ्याची. त्याला परत आत नेलं, सगळं कबूल करायला लावलं. पुढे तिथे रीतसर खोदकाम झालं. एका बाईचा सांगाडा मिळाला. ते एक हाड मात्र कितीही शोधलं तरी सापडलं नाही.

पुवाबद्दलही मी म्युझियमच्या बाईंना सांगितलं. त्या मला समजावत म्हणाल्या, "इतक्या जुन्या हाडावर काहीच उरत नाही. ते शक्य नाही."

ते मलाही कळतं. त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. मेलेल्या शरीरात पू होत नाही. तो होतो फक्त जिवंत माणसाला.