एका घंटीचे कुशल

मोबाईल आमच्या घरी आला तो हौसेने नव्हे, भयापोटी. आमच्या एकुलत्या लेकीला दिवस राहिले होते. त्याआधी दोनदा आशा लागून मावळली होती. पहिलटकरणीला माहेरी आणावे अशी रीत. परंतु जाफराबादहून आष्टीपर्यंतचे एस.टी.चे धक्के डॉक्टरांनी सक्त वर्ज्य सांगितले. म्हणून आमची सहधर्मचारिणीच लेकीच्या सासरी जाऊन राहिली, आणि देवळातील नित्यपूजेत खंड पडू नये म्हणून मी आष्टीस एकटाच राहिलो.

ती जाण्यापूर्वी बाजारातल्या दुकानदाराने दोन कंपन्यांचे दोन फोन माझ्या हाती दिले. "काका, घरात फिरवून बघा. ज्याच्या रेंजच्या काड्या जास्त, त्याचं कार्ड घ्या." ओसरी, माजघर, देवघर असा मी ते दोन्ही फोन हाती धरून, निरांजनाची ज्योत सांभाळावी तसा, फिरलो. एकाच्या काड्या थेट देवघरापर्यंत टिकत. मात्र त्यात दरमहा पैसे न भरल्यास येणारे फोनही बंद होत. दुसऱ्याला रेंज केवळ ओसरीच्या खिडकीशी. परंतु येणारा फोन फुकट, आणि जावयांचा फोन त्याच कंपनीचा, म्हणून आपसांतले बोलणे स्वस्त. मी दुसरा निवडला आणि कापडी पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगला.

शेजारच्या मास्तरांकडे पहिल्या कंपनीचा फोन होता. ते हसून म्हणाले, "काका, तुमच्या कंपनीचा टॉवर लाईट गेली की सोवळ्यात बसतो. मंग कोणाला शिवत न्हाई बघा."

जाताना पत्नीने ठरवून दिले. रोज सकाळी पूजेपूर्वी आणि तिन्हीसांजेला जावयांच्या फोनवरून एकच घंटी वाजेल आणि थांबेल. ती उचलायची नाही. तिचा अर्थ, सर्व कुशल. घंटी वाजतच राहिली तर उचलायची. त्याचा अर्थ काय, हे आम्ही दोघांनीही उच्चारले नाही. बाळ जन्मण्यापूर्वी त्याचे अंगडेसुद्धा शिवू नये, असे मानणारी आमची पिढी.

त्या एका घंटीच्या आधाराने माझे दिवस जाऊ लागले. ती थांबेपर्यंत मी श्वास रोखून खिडकीकडे पाहत असे. थांबली की स्नानाला उठत असे.

एके दिवशी सकाळी ती वाजलीच नाही. पहाटेपासून गावात वीज नव्हती. पिशवीतून फोन काढून पाहिला, तर एकही काडी नाही. मन म्हणाले, टॉवर बंद असेल. तरी पाय देवळाकडे न जाता मास्तरांच्या दाराशी गेले. त्यांनी आपल्या फोनवरून जावयांचा नंबर लावला आणि फोन माझ्या कानाशी धरला. आतली बाई शांतपणे सांगत होती की, आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.

"तिकडंबी लाईट गेली असंल, काका," मास्तर म्हणाले. "चहा घ्या थोडा."

मी चहा न घेताच देवळाकडे निघालो. अडचण आलीच तर जालन्याला हलवावे लागेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. आणि जालन्याच्या वाटेवर मधूनमधून रेंज जाते, हे मला ठाऊक होते. एखाद्या जीपमध्ये आडवी निजलेली लेक मला दिसू लागली. पूजेला बसलो, पण वर्षानुवर्षे मुखोद्गत असलेला मंत्र अर्ध्यावर तुटे. देवासमोर बसून मी देवाला काही मागितले नाही. मागण्याचे शब्दच सुचले नाहीत.

दुपारी वीज आली. घरी परतून देवघरात नैवेद्य दाखवीत होतो, तोच खिडकीशी घंटी वाजली.

एकदा वाजली. थांबली नाही. पुन्हा वाजली.

मी सोवळ्यात होतो, पण ती निव्वळ सबब. मी नैवेद्याच्या ताटाशीच बसून राहिलो. भिंतीपलीकडून मास्तर ओरडले, "काका, उचला की जल्दी!" तोवर घंटी थांबली. ओसरीत अशी शांतता पसरली की मला वाटले, बातमी येऊन परतही गेली.

ती पुन्हा वाजू लागली. मी फोन कानाला लावला.

"अहो, कानात बोळे घातलेत का?" पत्नी म्हणाली. "नात झाली! इथंच झाली, सरकारी दवाखान्यात. सकाळपासून तुमचा फोन काही लागंना."

"आणि आपली लेक?"

"ती बरी आहे. झोपलीय."

"मग इतका वेळ का वाजवलीस?" माझा स्वर मलाच ओळखू आला नाही.

"मंग काय करू? एकदाच वाजवून ठेवली असती, तर तुम्हाला नात झाल्याचं कळलं असतं का?"

खरेच होते. आनंदाच्या वार्तेसाठी आम्ही खूणच ठरवली नव्हती. "पुन्हा सांग," मी म्हणालो, तोच रेंज गेली.

सायंसंध्येला बसलो. अर्घ्याची पळी हातात तशीच धरून होतो. बरी आहे, झोपली आहे, असे मी स्वतःला बजावत होतो, पण कान खिडकीकडेच होते. तिन्हीसांजेला घंटी एकदा वाजली आणि थांबली. तेव्हा कुठे मी पळी खाली ठेवली.