सोमीबाईचा कागद

आमच्या डॉक्टर आपा सकाळी त्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत आल्या की हातातली पर्स खाली ठेवायच्या आधीच विचारत, "काय भाऊ, घेतलं का कोणी आपलं नाव?" मुलीला बघून गेलेल्या पाहुण्यांचा निरोप आला का, असं एखादी आई विचारते ना, थेट तोच सूर. मी त्यांचा टायपिस्ट. संगणक उघडून बघायचं आणि सांगायचं, हे माझं रोजचं पहिलं काम.

नाव घेणं म्हणजे दाखला. एखादा संशोधक आपल्या लेखात दुसऱ्याच्या लेखाचा आधार घेतो आणि खाली तसं नमूद करतो. ज्याचे दाखले जास्त, त्याचा मान मोठा. आपांचा एकच लेख गाजला, पण त्याला दाखले कुठून कुठून आले! ज्या देशांची नावं मला धड उच्चारताही येत नव्हती, तिथूनसुद्धा.

आपा अहेरीच्याच. वडिलांचं बाजारात बांगड्यांचं दुकान. मोठ्या शहरातली नोकरी सोडून त्या गावी परतल्या होत्या. नाडी बघायला हात धरण्याची त्यांची पद्धतच अशी, की खेड्यातल्या बाया आपसूक बोटं जुळवून हात निमुळता करत. आपा हसून म्हणत, "हात ढिला सोड बाई, बांगड्या अब्बांकडे मिळतात."

लेख मण्यारीवर होता. हा साप जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, दुखत नाही, दातांची खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग श्वास जातो. ज्यांच्या घरची माणसं अशी गेली त्यांना आपा गावोगाव जाऊन भेटल्या. त्यांचा एक नेम होता. लेख छापायला पाठवण्याआधी तो त्या गावात नेऊन वाचून दाखवायचा. "ज्याचं दुःख उचलून आणलं, त्याले आधी ऐकवायचं," असं म्हणत.

असंच एकदा एका गावात सोमीबाईच्या अंगणात आपा इंग्रजी पानावरून मराठीत सांगत होत्या आणि गावचे मास्तर ते गोंडीत. सोमीबाईचा तरणा मुलगा असाच गेला होता. तिनं मध्येच हात वर केला. "उलटं लिवलं बाई तुमी. आधी पोट दुखते. डोळे मंग मिटते." आपांनी तिथंच पेन काढून ओळ फिरवली. पुढे जगभर दाखले मिळाले ते नेमके त्याच ओळीला. छापील लेखात मात्र सोमीबाई 'मृताची एक नातेवाईक' एवढीच उरली. ते शब्द मीच टाइप केले होते.

मग एका पावसाळ्यात सोमीबाईची नात गेली. पहाटे पोट दुखायला लागलं म्हणून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या नव्या डॉक्टरनं गॅस म्हणून इंजेक्शन दिलं आणि बाकावर बसवून ठेवलं.

आम्ही गेलो तेव्हा सोमीबाई त्याच अंगणात बसली होती. तीच आधी बोलली. "तू वाचून दाखवलं होतं ना बाई, मले सारं ध्यानात होतं. मी डॉक्टरले सांगतलं, पोरीच्या पापण्या पाहा, साप हाय हा. तो म्हणे, कोण्या डॉक्टरनं सांगतलं? कागद दाखव." मग म्हणाली, "कागद त नोता माह्याजवळ."

परतताना जीपमध्ये आपा एकच वाक्य बोलल्या. "साऱ्या दुनियेले कळवलं भाऊ, अन् सहा कोसावरच्या दवाखान्याले सांगतलं नाई." नंतर ओढणी तोंडावर घेऊन रडल्या. मीही रडलो.

त्यानंतर नाव घेतलं का, हा प्रश्न कायमचा बंद झाला. त्यांनी साध्या मराठीत एक पान लिहिलं आणि दवाखान्या-दवाखान्यात स्वतः जाऊन भिंतीवर चिकटवलं. खाली ओळ होती, 'दाखला: सोमीबाई.' मी म्हटलं, "आपा, तुमचं नाव?" म्हणाल्या, "मी कुठी होते तिथी, तिचं पोरगं गेलं तवा?"

पुढच्याच वर्षी आपा कर्करोगानं गेल्या. माझ्यावर आकाश कोसळलं. त्यांचं कपाट आवरायचं होतं, पण माझ्याच्यानं ते झालं नाही.

मागच्या महिन्यात एका सकाळी बायकोचा ताप दाखवायला त्या सरकारी दवाखान्यात गेलो होतो. एका माणसाला पोट धरूनच आत आणलं. नर्सबाईनं केसपेपरही केला नाही. आधी त्याच्या पापण्या वर करून पाहिल्या, "खाली झोपला होता का?" विचारलं आणि ओरडली, "सर, सोमीबाईचा कागद!" डॉक्टर औषध घेऊन धावतच आला. दुपारपर्यंत तो माणूस डोळे उघडून पाणी मागत होता.

मी नर्सबाईला विचारलं, "ही सोमीबाई कोण?"

"काय माहीत भाऊ. असन कोणी मोठी डॉक्टर."

बाहेर येऊन मी बाकावर बसलो आणि बायकोसमोर हमसून रडलो. तिला वाटलं, माणूस दगावला. आपा असत्या तर हे ऐकून पोट धरून हसल्या असत्या, सोमीबाईला सांगायला लगेच जीप काढायला लावली असती. तो प्रश्न इतक्या दिवसांनी पुन्हा कानात आला. काय भाऊ, घेतलं का कोणी आपलं नाव?

नाही आपा, तुमचं नाही घेतलं. सोमीबाईचं घेतलं.